आज्ञावलीची शिदोरी
सर्व्हरविरहित फंक्शने आणि त्यांच्या सेटिंग्जच्या फाइली

पिठाच्या गिरणीत दगडांची जोडी एकच असते. पण ज्वारीचे बारीक पीठ, लाडवाचे जाडसर बेसन आणि लापशीची भरड ही तिन्ही तिच्यातूनच निघतात. दोन दगडांमधील अंतर कमीजास्त करण्याची सोय असते. दळण बदलले की गिरणीवाला ते अंतर बदलतो, दगड बदलीत नाही. संगणकाच्या आज्ञावलीचेही असेच आहे. आज्ञावली म्हणजे संगणकाने क्रमाने पाळावयाच्या आज्ञांचा संच. या आज्ञा सहसा स्थिर असतात; परंतु त्यांना लागणाऱ्या काही गोष्टी स्थळकाळानुसार पालटतात. माहितीचा साठा कोणत्या पत्त्यावर आहे, पत्र कोणाच्या नावे जावयाचे, उत्तराची वाट किती वेळ पाहावयाची, या अशा गोष्टी होत. त्या आज्ञांमध्येच गुंफून टाकल्या तर प्रत्येक लहानसहान बदलासाठी आज्ञावली उसवावी लागेल. म्हणून त्या वेगळ्या काढून साध्या मजकुराच्या एका फाइलीत लिहून ठेवण्याचा प्रघात पडला. या पालटत्या गोष्टींना सेटिंग्ज आणि त्यांच्या फाइलीला कॉन्फिगरेशन फाइल असे म्हणतात. युनिक्स या संगणकप्रणालीत तर अशा फाइलींसाठी 'ईटीसी' नावाचे स्वतंत्र फोल्डरच राखून ठेवलेले असते.

ही व्यवस्था अनेक दशके सुरळीत चालली. कारण आज्ञावलीला घर होते. ती एका ठरावीक सर्व्हरवर, ठरावीक फोल्डरात राहत असे आणि तिची फाइल तिच्या शेजारी असे. व्यवस्थापक ती फाइल उघडी, एक आकडा बदली, आज्ञावली पुन्हा सुरू करी आणि काम होई. नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲमेझॉन कंपनीने 'लॅम्डा' ही सेवा जाहीर केली, तिच्यामागून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टची 'ॲझ्युअर फंक्शन्स' ही सेवा आली, आणि आज्ञावलीचे हे घर सुटले. घर सुटल्यावर तिच्या फाइलीचे काय होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बिऱ्हाड आणि मुक्काम

या सेवांना 'सर्व्हरविरहित' असे म्हणतात. नाव काहीसे फसवे आहे. टांगा भाड्याने घेणाऱ्याच्या दारी घोडा बांधलेला नसतो, म्हणून टांगा घोड्यावाचून चालतो असे नव्हे. सर्व्हर असतोच, मात्र त्याची उस्तवार आज्ञावली लिहिणाऱ्याला करावी लागत नाही. 'क्लाऊड' या शब्दाचेही तसेच. हा ढग आकाशात नसून भक्कम इमारतींत असतो. ॲमेझॉनच्या अशा इमारतींचा मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू झाला, तर मायक्रोसॉफ्टचा पुण्याचा विभाग त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ मध्ये.

सर्व्हरविरहित सेवेत चालणाऱ्या लहान आज्ञावलीला फंक्शन म्हणतात. लॅम्डाचे उदाहरण घेऊ. फंक्शनच्या आज्ञा व सोबतच्या फाइली यांचे एक गाठोडे बांधून ते सेवेकडे सोपवावयाचे. त्यानंतर काहीच घडत नाही. फंक्शन झोपलेले असते. कोणी मागणी केली, एखादी फाइल येऊन पडली किंवा नेमलेली वेळ झाली की सेवा कोठल्या तरी यंत्रावर एक लहानसा बंदिस्त कप्पा तयार करते, त्यात गाठोडे सोडते आणि फंक्शन चालवते. काम झाल्यावर कप्पा काही काळ तसाच गोठवून ठेवतात. लगेच दुसरी मागणी आली तर तोच कप्पा पुन्हा जागा होतो. न आल्यास तो मोडून टाकतात. एकाच वेळी शंभर मागण्या आल्या तर शंभर कप्पे उभे राहतात आणि प्रत्येकात त्याच फंक्शनची एक एक प्रत काम करू लागते. कोणत्याही मागणीला फंक्शनने पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये, असा नियम आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या फाइलीत जाऊन व्यवस्थापक आकडा बदलीत असे, ती फाइल आता कोणत्याही एका ठिकाणी नाही. ती प्रत्येक कप्प्यात आहे आणि कप्पा मोडला की नाही. एवढेच नव्हे, तर लॅम्डाच्या कप्प्यात गाठोड्यातील फाइली केवळ वाचता येतात; त्यांच्यावर लिहिता येत नाही. लिहिण्यासाठी 'टीएमपी' हे एकच तात्पुरते फोल्डर मोकळे असते. त्याची जागा ५१२ मेगाबाइट असून २०२२ पासून ती १०,२४० मेगाबाइटपर्यंत वाढवून घेता येते. पण तेथे लिहिलेले शेजारच्या कप्प्याला दिसत नाही आणि कप्प्याबरोबरच नाहीसे होते. सारांश, घरातील कपाटाची जागा आता प्रवासातील शिदोरीने घेतली आहे. निघताना जे बांधून दिले तेवढेच वाटेत मिळणार.

फाइल सापडत का नाही?

समजा, एका जिल्हा ग्रंथालयाने मुदत उलटलेल्या पुस्तकांची स्मरणपत्रे ई-मेलने पाठवण्यासाठी एक फंक्शन लिहवून घेतले. त्याच्या फाइलीत पुढील सेटिंग्ज आहेत: पुस्तक ठेवण्याची मुदत १४ दिवस, रोजचा दंड ५० पैसे, पत्राखाली घालावयाचे नाव, वर्गणीदारांच्या नोंदींचा पत्ता, आणि पत्रे खरोखर पाठवावीत की नुसती चाचणी घ्यावी याचा खुलासा. फाइल 'जेसन' या सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतीने लिहिलेली आहे. या पद्धतीत महिरपी कंसांत प्रथम सेटिंगचे नाव, मग अपूर्णविराम व त्यापुढे किंमत असे लिहितात. तिच्यात टिपा लिहिण्याची सोय नाही. म्हणून नुसते 'दंड' असे नाव न देता 'दंड_पैसे' असे द्यावे, म्हणजे पन्नास रुपये की पन्नास पैसे असा घोटाळा होत नाही. नावे व मजकूर देवनागरीत लिहिता येतात. आकडे मात्र आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहावे लागतात. देवनागरी १४ लिहिल्यास वाचणारे यंत्र त्याला संख्या मानीत नाही, साऱ्या फाइलीलाच अशुद्ध ठरवते. तसेच मराठी मजकुराची फाइल 'यूटीएफ-८' या लिपिसंकेतानुसार वाचावी, असे आज्ञावलीत स्पष्ट सांगितलेले बरे. नाहीतर एका यंत्रावर नीट उमटणारे नाव दुसऱ्यावर चिन्हांचा गोंधळ होऊन बसते.

लिहिणाऱ्याच्या घरच्या संगणकावर हे फंक्शन उत्तम चालते. क्लाऊडवर चढवताच ते 'फाइल सापडत नाही' असे म्हणून थांबते. या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव येतो आणि त्याची कारणे बहुधा तीन असतात.

पहिले कारण पत्त्याचे. आज्ञावलीत नुसते फाइलीचे नाव लिहिले तर संगणक ती फाइल आज्ञावलीच्या शेजारी शोधतो, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः तो ती चालू फोल्डरात शोधतो, म्हणजे आज्ञावली ज्या ठिकाणी उभे राहून सुरू केली त्या ठिकाणी. घरी ही दोन्ही स्थळे सहसा एकच असल्यामुळे फरक कळून येत नाही. लॅम्डामध्येही गाठोडे 'व्हार' या फोल्डरातील 'टास्क' या फोल्डरात सोडले जाते आणि चालू फोल्डर तेच असते, म्हणून चूक पुष्कळदा झाकली जाते. ॲझ्युअरमध्ये मात्र फंक्शनला चालवणारी यजमान आज्ञावली वेगळ्याच फोल्डरातून निघालेली असते, आणि तेथे ती उघडकीस येते. उपाय सोपा आहे. प्रत्येक आज्ञावलीला आपण स्वतः कोठे आहोत हे विचारता येते. त्या उत्तरापासून फाइलीचा पूर्ण पत्ता जोडून घ्यावा. लॅम्डात फंक्शनच्या मूळ फोल्डराचा पत्ता 'लॅम्डा टास्क रूट' या नावाने, तर ॲझ्युअरमध्ये तो फंक्शनला मिळणाऱ्या संदर्भातून कळतो. अनेक फंक्शनांना सामायिक अशी फाइल लॅम्डाच्या 'लेयर'मध्ये ठेवली असेल, तर ती 'टास्क'मध्ये नसून 'ऑप्ट' या फोल्डरात उतरते, हेही विसरू नये.

दुसरे कारण असे, की फाइल गाठोड्यात बांधलीच गेलेली नसते. गाठोडे बांधणारी साधने आज्ञांच्या फाइली आपोआप उचलतात. इतर फाइली उचलाव्यात असे त्यांना बहुधा वेगळे सांगावे लागते. डॉटनेटच्या प्रकल्पात तर प्रत्येक फाइलीपुढे 'तयार मालाच्या फोल्डरात नक्कल करावी' अशी खूण करण्याची सोयच आहे. गाठोडे ही साधी झिप फाइल असते. ती उलगडून आत काय आहे हे पाहण्यास अर्धे मिनिट पुरते, आणि तरीही हे पाहण्याचे काम फार थोडे लोक करतात.

तिसरे कारण अक्षरांचे. रोमन लिपीत मोठी व छोटी अशी दोन प्रकारची अक्षरे असतात. विंडोज या प्रणालीत फाइलींच्या नावांबाबत सामान्यतः हा भेद पाळीत नाहीत. लॅम्डा ज्या लिनक्सवर चालते तेथे तो कटाक्षाने पाळतात. फाइलीचे पहिले अक्षर मोठे आणि आज्ञावलीत ते छोटे, एवढ्यावरून घरचे फंक्शन परगावी अडते.

केव्हा वाचावी?

फाइल सापडली, तरी ती केव्हा वाचावी हा प्रश्न उरतो, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. फंक्शनचे दोन भाग असतात. मागणीला उत्तर देणारी मुख्य कृती हा एक, आणि तिच्या बाहेरचा, प्रत जन्मताच एकदाच चालणारा आरंभीचा भाग हा दुसरा. सेटिंग्ज मुख्य कृतीत वाचल्या तर त्या दर मागणीला वाचल्या जातात; आरंभी वाचल्या तर प्रतीच्या उभ्या आयुष्यात एकदाच.

गाठोड्यातील काही किलोबाइटांची फाइल वाचावयास लागणारा वेळ नगण्य असतो. परंतु सेटिंग्ज दूरच्या साठ्यातून जाळ्यामार्गे आणावयाच्या असतील तर हिशेब बदलतो. एका खेपेस २० मिलिसेकंद लागतात असे धरले, तर एक लाख मागण्यांना २,००० सेकंद, म्हणजे ३३ मिनिटे २० सेकंद केवळ सेटिंग्ज आणण्यात जातात. लॅम्डाचे भाडे डिसेंबर २०२० पासून मिलिसेकंदांच्या हिशेबाने आकारले जाते. तेव्हा हा वेळ पैशाच्या रूपाने भरावा लागतो. यास्तव सेटिंग्ज आरंभी एकदा वाचून स्मृतीत ठेवाव्यात, हा नियम रूढ झाला.

नियम योग्य आहे, पण त्याच्या पोटात एक धोका आहे. ग्रंथालयाने दंड ५० पैशांवरून १ रुपया केला आणि हा आकडा बाहेरच्या साठ्यात बदलला, असे समजा. सकाळी नऊला जन्मलेल्या प्रतीच्या स्मृतीत ५० पैसे आहेत. दहाला जन्मलेल्या प्रतीने १ रुपया वाचला आहे. दोन्ही प्रती एकाच वेळी कामावर आहेत. एकाच घरातील दोघा भावांना एकाच दिवशी दोन दरांची पत्रे जातात, आणि ग्रंथपालाने कितीही तपासले तरी साठ्यात आकडा बरोबरच दिसतो!

प्रती परस्परांशी विसंगत झाल्या म्हणजे काय अनर्थ होऊ शकतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण सर्व्हरविरहित सेवांच्या आधीचे आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेच्या शेअरबाजारात व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीच्या आठ सर्व्हरांपैकी एकावर नवी आज्ञावली चढवावयाची राहून गेली होती. आज्ञावलीतील एका जुन्या खुणेला नव्या आवृत्तीत नवा अर्थ दिलेला होता. सात सर्व्हरांनी तो अर्थ घेतला. आठव्याने ती खूण जुन्या अर्थाने वाचली आणि नको असलेले सौदे भराभर लावण्यास प्रारंभ केला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. तेथे सर्व्हर आठच होते आणि ते मोजता येत होते. फंक्शनच्या प्रती किती, त्या कोठे आहेत आणि केव्हा जन्मल्या, हे त्यांच्या मालकालाही नेमके ठाऊक नसते.

या दृष्टीने पाहता गाठोड्यात बांधलेली फाइल, जिला आधुनिक मंडळी काहीशी जुनाट समजतात, ती एका बाबतीत श्रेष्ठ ठरते. तिच्यातील आकडा बदलावयाचा तर नवे गाठोडे चढवावे लागते. त्यामुळे आज्ञा आणि सेटिंग्ज यांची जोडी कधी फुटत नाही. नवी आवृत्ती बिघडली तर जुन्या आवृत्तीकडे परतताना तिच्या जुन्या सेटिंग्जही सोबत येतात. जे महिनोन्महिने बदलत नाही, उदाहरणार्थ मुदतीचे दिवस किंवा पत्राचा साचा, ते गाठोड्यातच शोभते. जे दिवसातून दोनदा बदलू शकते ते बाहेर ठेवावे. मात्र स्मृतीत ठेवलेल्या किमतीला वयाची मर्यादा घालावी. बाहेरील सेटिंग्ज व गुपिते आणून देणारे लॅम्डाचे एक तयार साधन २०२२ पासून उपलब्ध आहे. ते आणलेली किंमत, वेगळे सांगितले नाही तर, ३०० सेकंद खरी धरते व मग नव्याने विचारते. प्रतींमध्ये मतभेद होणारच. पण तो पाच मिनिटांपलीकडे टिकणार नाही, एवढी हमी त्यातून मिळते.

शिदोरीत काय बांधू नये

चाचणीचे फंक्शन आणि प्रत्यक्ष कामाचे फंक्शन यांच्या आज्ञा एकच असतात, पण पत्ते वेगळे असतात. हा भेद सांगण्यासाठी 'एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल', म्हणजे आज्ञावलीच्या सभोवतालातून मिळणारी नावे व किमती, यांचा उपयोग करतात. ही कल्पना १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून चालत आलेली आहे. २०११ च्या सुमारास हेरोकू या कंपनीच्या ॲडम विगिन्स यांनी मांडलेल्या बारा तत्त्वांत तिचा हिरिरीने पुरस्कार केलेला आढळतो. लॅम्डात ही सोय २०१६ मध्ये आली. तिच्या सर्व किमती मिळून ४ किलोबाइटांत बसाव्या लागतात. रूढ पद्धत अशी, की आधी सर्वसामान्य फाइल वाचावी, मग त्या त्या ठिकाणची फाइल, आणि शेवटी सभोवतालच्या किमती. पुढचीने मागचीवर मात करावी.

येथे एक सापळा आहे. सभोवतालातून येणारी प्रत्येक किंमत ही केवळ अक्षरांची ओळ असते. फाइलीत 'नाही' हे खरोखरचे नकारार्थी मूल्य म्हणून लिहिता येते; सभोवतालात तो नुसता शब्द असतो. आणि पायथन भाषेत रिकामा नसलेला कोणताही शब्द होकारार्थी समजला जातो, 'नाही' हा शब्दसुद्धा. ग्रंथालयाने 'पत्रे पाठवावीत काय' यापुढे 'नाही' असे लिहून चाचणी घेतली आणि पत्रे सर्व वर्गणीदारांना गेली, तर दोष यंत्राचा नव्हे. आलेला शब्द तपासून त्याचे मूल्यात रूपांतर करण्याचे काम आज्ञावलीलाच करावे लागते.

फंक्शनला केव्हा जागे करावे हे सांगणारी सेटिंग्जही फाइलीत ठेवून भागत नाही. ॲझ्युअरमध्ये हे विशेष जाणवते. कोणत्या रांगेकडे लक्ष ठेवावयाचे हे फंक्शन झोपलेले असताना सेवेला ठाऊक असावे लागते, आणि गाठोड्यातील फाइल तर फंक्शन जागे झाल्यावरच वाचली जाते. जागे करणाऱ्याला वेळ आधी कळली पाहिजे. ती झोपलेल्याच्या उशाखाली ठेवून उपयोग नाही. म्हणून अशी सेटिंग्ज सेवेच्या स्वतःच्या नोंदवहीत लिहितात. ती लिहिताना घड्याळाचेही भान ठेवावे. या सेवांची घड्याळे मुळात जागतिक वेळेवर चालतात. भारतात सकाळी ९ वाजता पत्रे जावयाची असतील तर तेथे पहाटेचे ३ वाजून ३० मिनिटे असे लिहावे लागते, किंवा प्रदेशाची वेळ वेगळी नोंदवावी लागते.

पासवर्ड व किल्ल्या मात्र कोणत्याही परिस्थितीत फाइलीत लिहू नयेत. आज्ञावलीच्या फाइली गिटसारख्या संग्रहात ठेवतात आणि असा संग्रह प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवतो. आज खोडलेला पासवर्ड कालच्या आवृत्तीत तसाच असतो. २०१६ मध्ये उबर या कंपनीच्या अभियंत्यांच्या खाजगी संग्रहात परक्यांनी शिरकाव केला, तेथे त्यांना कंपनीच्या क्लाऊडमधील साठ्याची किल्ली मिळाली आणि तिच्या साहाय्याने त्यांनी सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालक यांची माहिती उचलली. कंपनीने ही गोष्ट नोव्हेंबर २०१७ मध्ये उघड केली. ग्रंथालयाच्या वर्गणीदारांची संख्या लहान असेल. पण कोणी कोणते पुस्तक नेले ही माहितीही खाजगीच असते. अशा गुपितांसाठी स्वतंत्र तिजोरी-सेवा असतात. फाइलीत केवळ तिजोरीतील कप्प्याचे नाव लिहावे; तो उघडण्याची परवानगी फंक्शनला त्याच्या नेमून दिलेल्या भूमिकेवरून मिळते. फाइल चोराच्या हाती पडली तरी त्याला कप्प्याचे नाव कळते, आतील ऐवज मिळत नाही.

राहता राहिली सवय, आणि ती सर्वांत घातक म्हणावी लागेल. फाइल सापडली नाही तर फंक्शन थांबू नये म्हणून अनेकजण आज्ञांमध्ये काही ठोकळ किमती लिहून ठेवतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. फाइल गाठोड्यात नाही हे मग कोणालाच कळत नाही. फंक्शन ठोकळ किमतींवर बिनतक्रार चालते आणि पत्रे चाचणीच्या पत्त्यावर जात राहतात. त्यापेक्षा जन्मताच फाइल वाचावी, प्रत्येक आवश्यक सेटिंग आहे की नाही, मुदत ही संख्या आहे काय, ती शून्याहून मोठी आहे काय, हे तपासावे आणि काही उणे आढळल्यास स्पष्ट शब्दांत कारण नोंदवून तेथेच थांबावे. तपासणी पार पडली तर गुपिते वगळून वाचलेल्या सेटिंग्ज आणि फाइलीचा आवृत्तिक्रमांक कामाच्या नोंदींत उतरवावा. दोन भावांना दोन दरांची पत्रे गेल्याची तक्रार आली, तर कोणत्या प्रतीने कोणता आकडा वाचला होता हे त्या नोंदींवरून शोधता येते.